पाच वाक्यांचे पत्र आणि सहाशे दाखले

‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे कोणी म्हटले की आपण गप्प बसतो. मोठ्या नियतकालिकात छापले, शेकडो तज्ज्ञांनी त्याचा दाखला दिला, म्हणजे ते खरेच असणार असे वाटते. हा समज किती महागात पडू शकतो, हे अमेरिकेतील एका पत्राने दाखवून दिले आहे.

बोस्टनचे डॉ. हर्शेल जिक हे औषधशास्त्राचे नावाजलेले संशोधक. रुग्णालयात दिलेल्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचे मोठे काम त्यांच्या गटाने केले. १० जानेवारी १९८० रोजी त्यांचे व जेन पोर्टर यांचे पाच वाक्यांचे पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची खात्रीलायक नोंद सापडली, एवढेच त्यांनी लिहिले. रुग्ण घरी गेल्यावर काय झाले, महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या तर काय होते, याबद्दल त्या पत्रात काहीच नव्हते.

२०१७ मध्ये कॅनडाच्या संशोधकांनी मोजले, तेव्हा या पत्राचा दाखला ६०८ ठिकाणी दिलेला आढळला. त्याच सुमारास त्या नियतकालिकात छापलेल्या इतर पत्रांचे दाखले साधारण अकराच होते. या ६०८ पैकी ४३९ लेखकांनी ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून ते पत्र पुढे केले. ४९१ जणांनी तर ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हेही सांगितले नाही. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आली. त्याच सुमारास दाखलेही वाढले. व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू समूहातील कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय औषधे आणि अमली पदार्थ यांच्या अतिसेवनाने सहा लाखांहून अधिक माणसे मेली. या साऱ्याचे कारण एकटे ते पत्र नव्हे. पण भीती घालवण्यासाठी त्याचा वापर झाला. आपल्या पत्राचे असे झाले याचे खुद्द जिक यांनाही वाईट वाटले.

पत्र खोटे नव्हते. न वाचता दिलेला दाखला खोटा होता. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहिले, दुसऱ्याने लिहिले म्हणून तिसऱ्याने. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते: केवळ ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका, तपासा, हिताचे असेल तर स्वीकारा. बाबासाहेबांनीही ऐकिवावर भिस्त ठेवली नाही. मूळ ग्रंथ स्वतः उघडून पाहिले.

आपल्या वस्तीत याचा उपयोग काय? ओझी उचलून, झाडलोट करून, दिवसभर उभे राहून अंग दुखते आणि मेडिकलवाल्याकडून गोळी आणली जाते. ट्रामाडॉल हे औषधही अफूवर्गीयच आहे. २०१८ पासून ते भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय ते घेऊ नका, शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा: ही गोळी किती दिवस घ्यायची? सवय लागते का? बऱ्याच दिवसांपासून चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा. आणि उलट टोकही गाठू नका. कॅन्सरच्या असह्य वेदनांत डॉक्टरांनी मॉर्फिन दिले, तर व्यसनाच्या भीतीने आपल्या माणसाला तळमळत ठेवू नका.

आपली मुले-मुली आज नर्सिंग, फार्मसी, एमबीबीएस शिकत आहेत. उद्या त्यांचेही निबंध छापले जातील, त्यांचेही दाखले मोजले जातील. त्यांना एवढेच सांगणे आहे: ज्याचा दाखला द्याल ते आधी पुरते वाचा. तपासणी कोणाची केली, किती दिवस केली, पैसा कोणाचा होता, हे विचारा. दाखल्यांचा आकडा मोठा असला तरी या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यात सापडत नाहीत.