नक्की मांस कसलं होतं?

२८ सप्टेंबर २०१५. उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात देवळाच्या भोंग्यावरून घोषणा झाली, की अमक्याने गाय कापलीय. जमावाने घरात घुसून त्या माणसाला ठार मारलं, मुलाला जबर जखमी केलं. आणि मग? मांसाचा नमुना तपासणीला गेला! पहिला अहवाल म्हणाला बोकडाचं, २०१६ मध्ये मथुरेच्या प्रयोगशाळेने सांगितलं गोवंशाचं. दोन्ही वेळा शिकली-सवरलेली मंडळी हिरीरीने भांडली.

मला विचाराल तर हा वादच चुकीचा आहे. 'अहो, ते मटणच होतं' असं म्हणणारा बाजू घेतो खरी, पण गोमांस असतं तर? मग मारणं योग्य ठरलं असतं का?

गायीबद्दलची श्रद्धा मी समजू शकतो. तिथे गोहत्याबंदीचा कायदाही १९५५ पासून आहे. म्हणजे तक्रार करायला पोलीस होते की! सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये राज्यांना झुंडबळी रोखण्याचे निर्देश दिले, तेव्हाही हेच बजावलं: कायदा जमावाने हातात घ्यायचा नाही.

तेव्हा लोकहो, पुढच्या वेळी चहाच्या टपरीवर कुणी 'पण मांस कसलं होतं?' असं विचारलंच, तर उत्तर देत बसू नका. उलट विचारा, मारणाऱ्यांवरचा खटला कुठवर आलाय?