‘प्लॅन’ ऐकायला जाताय? आधी गिऱ्हाईक कोण ते विचारा!

‘काय करतोस सध्या? एक भारी ऑपॉर्च्युनिटी आहे. फोनवर नको, भेटून सांगतो.’ बारावीनंतर कधीच न बोललेल्या मित्राचा असा मेसेज तुम्हाला अजून आला नसेल, तर येईल. भेटायला गेलात की मित्रासोबत टाय लावलेले एक ‘सर’ असतात. ते कागदावर गोल काढतात आणि अर्ध्या तासात तुम्हाला पटवतात की नोकरी म्हणजे गुलामी, धंदा म्हणजे लाखोंचं भांडवल आणि दोन्हींवरचा सोपा उपाय म्हणजे नेटवर्क मार्केटिंग.

यात थोडं तथ्य आहेच. साधा गाळा घ्यायचा तरी डिपॉझिट, भाडं, लायसन्स, माल असा खर्च उभा राहतो. इथे ना दुकान, ना नोकर. चार लोकांसमोर बोलायची भीडही चेपते. शिवाय डायरेक्ट सेलिंगला कायद्याने बंदी नाही. मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे गिऱ्हाइकात. समजा, तुम्ही कॉलेजच्या गेटबाहेर वडापावची गाडी लावलीत. गिऱ्हाईक वडापाव खातं, पैसे देतं आणि लेक्चरला जातं. ते शेजारी दुसरी गाडी लावत नाही. नेटवर्कमध्ये मात्र ज्याला माल विकता, त्यालाच तुम्ही विक्रेता करता. उद्या तोच तुमच्या वर्गात, तुमच्याच मित्रांना, तोच माल विकत फिरतो.

आता कॅल्क्युलेटर काढा. प्रत्येकाने फक्त सहा जण आणायचे. ६, ३६, २१६, १२९६, ७७७६... पाचव्या पायरीलाच बहुतेक कॉलेजांची पटसंख्या संपते. अकराव्या पायरीवर ३६ कोटी माणसं लागतात आणि २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११.२४ कोटी! म्हणजे साखळी कुठेही थांबली, तरी सहापैकी साधारण पाच जण शेवटच्या रांगेत असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसतं. सेमिनारमध्ये त्यांना सांगितलं जातं, ‘तुझा माइंडसेट निगेटिव्ह आहे.’ खरं तर गणितच तसं आहे.

म्हणूनच कायदा माल विकण्याला हरकत घेत नाही, माणसं जोडून पैसे फिरवण्याला घेतो. अशा योजनांवर १९७८च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली. ‘आणखी गिऱ्हाइकं आण, तुझे पैसे वसूल होतील’ असं सांगून माल गळ्यात मारणंही या नियमांत बसत नाही.

आधीचे अनुभवही आहेत. ‘स्पीक एशिया’ने ११ हजार रुपये भरून घरबसल्या सर्व्हे भरण्याचं आणि नवे सदस्य आणण्याचं आमिष दाखवलं. २०११मध्ये प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. एप्रिल २०२२मध्ये ईडीने ‘ॲम्वे इंडिया’च्या ७५७.७७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. लोक वस्तू वापरायला नाही, तर सदस्य होऊन श्रीमंत व्हायला महाग माल घेतात, असा ईडीचा आरोप होता. तपासाला सहकार्य करत असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं.

मग करायचं काय? ‘प्लॅन’ ऐकायला गेलात, तर एकच प्रश्न विचारा: साखळीत न येणारा माणूस ही वस्तू याच किमतीला विकत घेईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो धंदा आहे, बिनधास्त करा. उत्तर टाळलं जात असेल, तर कमाई मालातून नाही, पुढच्या माणसाच्या खिशातून येणार आहे. आणि स्वतःचंच काही करायचं असेल, तर मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज आहे. टिफिन, क्लास, प्रिंटिंग अशा धंद्यांची सुरुवात तेवढ्यात होऊ शकते. त्यात फायदा हळू येतो, पण गिऱ्हाईक तुमचं राहतं.

आणि हो, तो मेसेज पाठवणाऱ्या मित्राला ब्लॉक करू नका. कदाचित त्याने फीचे पैसे यात अडकवलेत आणि घरी सांगितलेलं नाही. त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर द्या आणि फोन लावताना सोबत बसा.