आकड्यांचा हा बुरखा फाडा!

शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवरून पाच रुपयांच्या जेलीचे पाकीट उचला आणि उलटे करा. शिवणीच्या घडीत, मोहरीहून बारीक इंग्रजी अक्षरांत, १०२, ११०, १२२ असे आकडे सापडतील. टपरीवाल्याला विचारा, आईबापांना विचारा. हे आकडे कसले ते कोणी सांगणार नाही. ते आहेत टारट्राझीन, सनसेट यलो आणि कार्मोइसिन, कारखान्यात बनलेले कृत्रिम रंग! असल्या स्वस्त जेलीत बहुधा फळाचा थेंब नसतो. म्हणून फळाचा भास रंगाने उभा करायचा आणि तो लेकराच्या जिभेवर चढवायचा, असा हा राजरोस धंदा आहे.

२००७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना असे रंग व सोडियम बेन्झोएट हे परिरक्षक मिसळलेले पेय देऊन पाहिले. मुलांची चंचलता वाढलेली दिसली. परिणाम मोठा नव्हता, सगळ्या मुलांवर सारखाही नव्हता, हे आम्ही लपवीत नाही. तरीही युरोपने २०१० पासून सहा रंगांसाठी नियम केला: यातला एकही वापराल, तर मुलांच्या वर्तनावर व एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो, असे पाकिटावर छापा. ती ओळ नको म्हणून अनेक कंपन्यांनी तिकडे ते रंगच काढून टाकले. म्हणजे मनात आणले तर त्यांना जमते! त्या सहांपैकी चार रंग आपल्याकडे कायदेशीर आहेत आणि इशाऱ्याच्या जागी कार्टून हसते आहे. आमच्या मुलांचा मेंदू काय इंग्रजांच्या मुलांहून स्वस्त आहे?

मर्यादेत वापरला तर धोका नाही, हे पालुपद आता पुरे. बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅम ही मर्यादा एकेका पदार्थाची आहे. सकाळी क्रीमचे बिस्किट, मधल्या सुट्टीत जेली, संध्याकाळी वाढदिवसाचा केक. पंधरा किलोच्या देहात या सगळ्याची बेरीज कोण मांडतो?

कायद्याबाहेरचे तर याहून भयंकर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने 'बुढ्ढी के बाल'वर बंदी घातली, कारण नमुन्यांत कापड रंगवायचे ऱ्होडामाइन-बी सापडले. आपल्या जत्रांतला गुलाबी कापूस कोणी तपासला?

केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने युरोपसारखा इशारा पाकिटाच्या दर्शनी बाजूस, मराठीत, ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने शाळांसमोरचे नमुने दर महिन्याला तपासून दोषी उत्पादकांची नावे जाहीर करावीत. पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न कोणता आमदार विचारतो, ते आम्ही नावानिशी छापणार आहोत.