नव्या ग्राहकाला स्वागताचा ईमेल कसा लिहावा?

दहावीच्या उपयोजित लेखनात आपण मागणीपत्र लिहितो. शाळेसाठी पुस्तकं मागवतो, रोपं मागवतो. पण दुकानदाराने ग्राहकाला काय लिहायचं, हे आपण फारसं शिकत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण पुढे घरच्या व्यवसायाचे ईमेल लिहिणार आहात, काही जण आत्ताच लिहीत असाल. म्हणून आजचा विषय हा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लाकडी घाण्याचं तेल विकते. तिच्या वेबसाइटवर लिहिलं होतं, ‘ईमेल द्या, कोणतं तेल कशासाठी वापरावं याची माहितीपत्रिका मिळवा.’ ईमेल दिला की काय यायचं? एक भलंमोठं रंगीत चित्र. त्यावर समई, कमळ आणि ‘आमच्या परिवारात आपले हार्दिक स्वागत आहे!’ खाली सवलतीचं कूपन. माहितीपत्रिका तीन दिवसांनी. तिने मला तो कौतुकाने दाखवला, आणि खरं सांगतो, मीही ‘छान आहे’ म्हणून मोकळा झालो.

त्याच ईमेलला एका बाईंनी उत्तर पाठवलं होतं. ‘तिळाचं आणि शेंगदाण्याचं तेल एकाच घाण्यावर निघतं का? माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.’ ईमेल ज्या पत्त्यावरून जायचा, तो पत्ता कोणी उघडतच नव्हतं. प्रश्न दीड महिना तसाच पडून राहिला. आणि हा प्रश्न साधा नव्हता. घाण्यावर काढलेल्या, रिफाइन न केलेल्या शेंगदाणा तेलात ॲलर्जी उठवणारी प्रथिनं राहू शकतात. घाणा तोच असेल, तर ती तिळाच्या तेलातही उतरू शकतात.

आता तुम्हीच सांगा, त्या बाईंना ‘परिवार’ म्हणवून काय मिळालं? पाच मिनिटांपूर्वी ईमेल दिलेला माणूस आपल्या परिवारातला नसतो, तो दारात उभा असतो. दारात आलेल्याला आपण गूळ-पाणी देतो. लगेच पावतीपुस्तक पुढे करत नाही. म्हणूनच पहिल्याच ईमेलमध्ये कूपन देणं मला पटत नाही. काही जण म्हणतील, सर, त्यानेच तर विक्री होते. होत असेल. पण जे द्यायचं कबूल केलं होतं, ते आधी द्या. तेही लगेच, कारण नाव नोंदवल्यावर माणूस त्याच क्षणी ईमेल उघडून बघतो. तीन दिवसांनी त्याला तुमचं नावही आठवत नाही.

विषयाच्या ओळीत ‘सुस्वागतम्!’ लिहू नका. आत काय आहे ते लिहा. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं दुकानाचं नाव नको, माणसाचंही हवं. मजकूर चित्रात कोंबू नका. आपल्याकडे सुंदर अक्षरांच्या हौसेपायी हे फार होतं. चित्र उघडलं नाही की ईमेल कोरा दिसतो, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचू शकत नाही. ‘तुम्ही’ म्हणा किंवा ‘आपण’ म्हणा, पण एका ईमेलमध्ये दोन्ही नको.

आम्ही दोघांनी बसून नवा ईमेल लिहिला, तो असा:

विषय: तुम्ही मागितलेली तेलांची माहितीपत्रिका

नमस्कार,
माहितीपत्रिका सोबत जोडली आहे. घाईत असाल तर फक्त दुसरं पान वाचा, फोडणीला कोणतं आणि तळणीला कोणतं तेल, ते तिथे आहे.
आमची सगळी तेलं एकाच घाण्यावर निघतात. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर कृपया आमचं कोणतंच तेल घेऊ नका.
तुमच्या घरी कोणतं तेल वापरता? याच ईमेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचते.
महिन्यातून एकदा लिहीन. नको असेल तर खालच्या दुव्यावर एकदा क्लिक करा.

बस्, एवढंच. ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ वगैरे तिला घालायचं होतं, मी काढायला लावलं.

शेवटची ओळ मात्र नुसत्या सौजन्यापोटी नाही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं आपल्या देशाचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. जीमेलनेही २०२४ मध्ये नियम कडक केले. दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या ईमेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय द्यावीच लागते. तेल विकणाऱ्या मुलीचे रोजचे पन्नासही ईमेल जात नाहीत, तरी सोय ठेवलेली बरी. जाणाऱ्याला वाट सापडली नाही, तर तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो, आणि मग राहिलेल्यांचेही ईमेल स्पॅममध्ये जाऊ लागतात.

त्या बाईंना तिने त्याच संध्याकाळी लिहिलं. उशिराबद्दल माफी मागितली आणि कळवलं, होय, घाणा एकच आहे, मुलासाठी आमच्याकडचं तेल नेऊ नका. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. त्यांनी तिळाच्या तेलाची बाटली आधीच घेतली होती, पण उत्तर येईना म्हणून अजून फोडली नव्हती.