घडीचा चाकू : धारेइतकाच सांधाही जपा

स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, शेतावर जाणाऱ्याच्या खिशात किंवा प्रवासाच्या पिशवीत घडीचा चाकू बहुधा सापडतोच. फळ कापणे, सुतळी तोडणे, खोके उघडणे, कोकणात आंब्याची कलमे बांधणे अशी त्याची कामे रोजचीच. तो वापरावा कसा आणि जपावा कसा, हे मात्र घरात क्वचितच कुणी समजावून सांगते. म्हणून या महिन्यात आम्ही या लहानशा वस्तूविषयी लिहीत आहोत.

सुरीचे पाते मुठीत पक्के बसवलेले असते. घडीच्या चाकूचे पाते एका खिळ्यावर फिरते. सगळी काळजी या एका फरकातून येते. काप घेताना जोर धारेवर पडतो, तेव्हा पाते उघडेच राहते. पण टोक कशात रुतवून चाकू पिळला किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, की ते मिटू पाहते, आणि मिटण्याच्या वाटेत आपली बोटे असतात. म्हणून या चाकूने नारळ फोडू नये, डब्याचे झाकण उचकटू नये, स्क्रू फिरवू नये, टोक खुपसून भोक पाडू नये.

काही चाकूंना नुसती स्प्रिंग असते, काहींना पाते अडवणारा खटका. फ्रान्समधला ओपिनेल चाकू १८९० पासून बनतो. उघडे पाते जागेवर धरणारे फिरते कडे त्याला १९५५ मध्ये बसवले गेले. तुमच्या चाकूचा खटका ढिला झाला असेल, पाते डुगडुगत असेल, तर दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नका.

बोथट चाकू कमी धोक्याचा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि ते सटकते. कलम बांधणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. काप ओबडधोबड झाला, तर खुंट आणि कलमकाडी नीट भिडत नाहीत आणि कलम जीव धरत नाही.

धार लावायचा दगड भिजवून घ्यावा. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ थोडी उचलावी, साधारण वीस अंश, आणि मुठीकडून टोकापर्यंत एकाच कोनात फिरवावे. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यावेत. मात्र कलमाच्या काही चाकूंना एकाच बाजूने धार असते, ती तशीच राखावी. धार अंगठ्यावर नव्हे, कागदावर तपासावी. कोरड्या यांत्रिक चाकावर पाते फार वेळ धरले, तर ते तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. आपल्याकडच्या शिकलगारांचा हा पिढीजात हुन्नर; गावात असा जाणता कारागीर असेल, तर चाकू त्याच्याच हाती द्यावा.

आंब्याचा चीक, लिंबाचा रस किंवा मीठ पात्यावर राहिले, तर कार्बन स्टील लगेच डागाळते, आणि स्टेनलेसलाही कायमचे अभय नसते. काम झाले की पाते धुऊन पुसावे आणि सुकल्यावरच मिटावे. सांध्यात अडकलेला कचरा जुन्या टूथब्रशने काढून तिथे तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल थंडीत गोठते आणि इतर खाद्यतेले चिकट होतात; त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बरे.

कुर्बानीसाठी घडीचा चाकू वापरू नये. त्याच्या सांध्यात रक्त आणि चरबी शिरते, आणि ओल्या हातात तो भरवशाचा नसतो. तिथे अखंड पात्याची सुरीच हवी, तीही आधीच धार लावलेली. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून पाते धारदार करून घ्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहेच.

उमराह किंवा इतर विमानप्रवासात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. तो चेक-इन सामानात ठेवावा. घरकाम आणि शेतीची अवजारे सोडली, तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र कायद्याच्या नियमांत येते. लहान चाकूही गर्दीत, मिरवणुकीत किंवा भांडणाच्या जागी नेऊ नये. आपल्या तरुण मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. फळे कापायला घेतलेला चाकू भलत्या वेळी खिशात निघाला, तर त्याचा खुलासा करत बसावे लागते.

चाकू दुसऱ्याला देताना मिटूनच द्यावा. नागवी तलवार हातोहात देण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे. चाकूलाही तोच अदब लागू करावा. मुलांना चाकू वापरायला शिकवताना कापण्याआधी तो मिटायला शिकवा : बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला, नजर चाकूवर, घाई नाही. एवढे अंगवळणी पडले, की मग सफरचंद त्यांच्या हाती द्यायला हरकत नाही.