जुना फिल्टर, नवे वॉशर

जाऊबाईंनी नाहीतर शेजारणीने दिलेला स्टीलचा जुना कँडल-फिल्टर माळ्यावर टाकू नका. डबे चांगले असतील, तर कँडल, रबरी वॉशर आणि नळ एवढेच बदलावे लागते.

नवी कँडल उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीर दिसली, तरी परत करा. दांडीत वॉशर घालून ती वरच्या डब्याच्या भोकातून सोडा आणि खालून चाकी हातानेच आवळा. पक्कड लावलीत की बूड तडकलेच! नळालाही आत-बाहेर वॉशर हवेत.

आता खरी परीक्षा. वरचा डबा भरून रिकाम्या पातेल्यावर ठेवा. थेंब फक्त दांडीच्या तोंडातून पडायला हवेत. चाकीच्या कडेने पाणी उतरले, तर ते न गाळताच आले असे समजा. दिसायला ते स्वच्छच असते, म्हणून तर फसगत होते. पहिले डबाभर पाणी झाडांना घाला. पुढे कँडल मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याने घासावी, साबण नको.

एक मात्र विसरू नका. साध्या कँडलने काविळीचे विषाणू अडत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात, आणि घरात तान्हे मूल असेल तर बाराही महिने, गाळलेले पाणी खळखळ उकळूनच प्यायला द्या.