उभं राहण्याची सक्ती

पंढरपूरच्या या सोलापूर जिल्ह्यात देव विटेवर उभा आणि भक्त दर्शनबारीत उभा. श्रद्धेचा मामला आहे, तिथे तक्रार नाही. पण घरात, शाळेत, दुकानात माणसाची लायकी तो किती वेळ उभा राहतो यावर ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ओट्यापाशी चार भाकऱ्या होईस्तोवर जिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्या बाईकडे एकदा नीट बघा. कोपर ओट्यावर टेकलेलं, एक पाय दुसऱ्यावर आडवा आवळलेला, मधूनच टाचा वरखाली, पावलं जांभळट. मागून आवाज येतो, "काय रेललीयस गं, नीट उभी रहा की!" माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून ते वर पाठवतं. काहींना ते जमत नाही. मेंदूला रक्त कमी पडतं आणि हृदय धडधडून भरपाई करू पाहतं. पाय आवळले की स्नायू रक्त वर रेटतात. डॉक्टरांनी शिकवायची युक्ती तिच्या शरीराने आपली आपण शोधली, आणि आपण तिला आळशी ठरवलं.

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे एमई, या आजारात हा त्रास फार आढळतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 मध्ये निदानाचे जे निकष दिले, त्यांत त्याला जागा आहे. श्रमानंतर प्रकृती ढासळणं, कधी दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागणं, हे या आजाराचं मुख्य लक्षण. म्हणूनच ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचार बाद केला. आपला सल्ला मात्र अजून तोच: सकाळी सिद्धेश्वर तळ्याला दोन फेऱ्या मार, सगळं जाईल.

दवाखान्यात तरी काय होतं? खुर्चीवर बसवून बीपी बघायचं, 'नॉर्मल' म्हणायचं आणि एक सलाईन लावायचं. सलाईनने रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून तिला दिवसभर बरं वाटतं. मग घरचे म्हणतात, बघा, काही नव्हतंच. खरी तपासणी फार खर्चिक नाही. थोडा वेळ आडवं झोपवून नाडी आणि बीपी घ्यायचं, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं करून मिनिटामिनिटाला मोजायचं. पडली तर धरायला माणूस शेजारी हवा. बीपी न पडता नाडी 30 ने वाढून तशीच राहिली (किशोरवयात 40 ने), तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, संशय घ्यावा. तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने उतरलं तर तोही दोषच. हिमोग्लोबिन आधी बघायलाच हवं, कारण राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आहेत. पण लोहाच्या गोळ्या दिल्या की चौकशी संपली, असं नव्हे. पण उभं करून तपासायची ती दहा मिनिटं कोणापाशी नाहीत.

चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचा आपल्याला अभिमान, आणि तो रास्तच आहे. पण रात्रंदिवस राबलेला हा माणूस बत्तिसाव्या वर्षी गेला, हे त्याच्या अथक सेवेची भाषणं ठोकताना आपण गिळून टाकतो. झिजण्याचीच पूजा करणाऱ्या गावात, बसू द्या म्हणणारी बाई कामचुकारच ठरणार. राष्ट्रगीताला कोसळलेली पोर 'उपाशी आली असेल' म्हणून बाजूला काढली जाते आणि तिचाच भाऊ शिक्षा म्हणून बाकावर उभा केला जातो. 1948 च्या कारखाने कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली होती. पण दहापेक्षा कमी माणसांचा यंत्रमाग त्या कायद्याबाहेरच राहिला. दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क केरळने 2018 मध्ये दिला, तामिळनाडूने 2021 मध्ये. तोही केरळात बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा.

उपाय आहेत. डॉक्टरांना विचारून मीठ आणि पाणी वाढवायचं. बीपी जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मीठ नाही. ओटीपोटाला आवळपट्टा, थोडं थोडं खाणं, कढत पाण्याची आंघोळ टाळणं, त्राण संपायच्या आत थांबणं. गरज पडली तर प्रोप्रॅनोलॉल, मिडोड्रिन अशी औषधं, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पण काही दिवसांआड येणाऱ्या नळाला रात्री घागरी कोण भरणार, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तिला पंख्याखाली पडू कोण देणार, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. ते नवऱ्याने, दिराने, थोरल्या मुलाने करायचं असतं, आणि आजवर त्यांना कोणी विचारलेलंही नाही.